मल्हारचे सहा वाचक

"छान लिहितेस, पण मल्हार मला भावत नाही गं. वैयक्तिक आवड आहे, राग मानू नकोस."

राग मानू नकोस म्हणे. मी मानला, चांगला तीन दिवस मानला. लॅबमध्ये लोकांचं रक्त काढताना सुई जरा जोरातच लागत असावी, कारण एका आजोबांनी विचारलं, "पोरी, घरात भांडून आलीस का?"

भांडण घरातलं नव्हतं, कट्ट्यावरचं होतं. ‘घाटपायरी’ नावाची मालिका संपून दोन वर्षं झाली, पण तिच्या चाहत्यांचा टेलिग्रामवरचा कट्टा अजून चालू आहे. वाईच्या घाटावरची गोष्ट, वकिलाचा मुलगा विश्वजित आणि शाळेत शिकवणारी मीरा. मालिकेत जे घडलं नाही ते आम्ही कट्ट्यावर लिहितो. त्याला फॅनफिक्शन म्हणतात. माझी आई रिकामे उद्योग म्हणते.

सहाशे बारा माणसं आहेत कट्ट्यावर आणि शिस्त शाळेसारखी. प्रत्येक कथेवर आधी पाटी लावायची: कथा कोणाची, भाषा कुठली, रडवणार की हसवणार. पाटी बघून ज्यानं त्यानं ठरवावं, वाचायचं की पुढे जायचं. "आवड आपापली," असं मंगलताई म्हणतात. त्या कट्ट्याच्या प्रमुख, वाईच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. कथा वाचून झाली की खाली ‘चढले’ नाहीतर ‘चढलो’ असं लिहायचं, म्हणजे घाटाची एक पायरी चढून झाली. मंगलताई दर रविवारी हे सगळे ‘चढले’ नावानिशी एका जाड वहीत उतरवतात. वर्षातून एकदा साताऱ्यात मेळावा भरतो. ज्या कथेला किमान पंचवीस ‘चढले’ मिळाले तीच तिथे मोठ्यानं वाचता येते.

माझी एकही कथा तिथवर पोचली नव्हती. कारण मी मल्हारवर लिहायचे.

मल्हार म्हणजे मालिकेतला मेंढपाळाचा पोरगा. चाळीस भाग होता. मीराला त्यानं दोनदा वाट दाखवली, एकदा भाकरी खायला घातली, आणि मग लेखकांनी त्याला मेंढरं घेऊन कोकणात पाठवलं. तो आजतागायत कोकणातच आहे. आम्ही कवठे महांकाळची धनगर माणसं. माझ्या वडिलांचं, बिराप्पांचं, अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. त्यांनी मालिकेचे बरोबर तेवढेच चाळीस भाग बघितले. पहिल्याच दिवशी ओरडले, "आरं, कोकराचं पुढचं पाय धरून कुणी उचलतंय व्हय! खांद बाहेर यील की त्येचं." मल्हार गेला आणि त्यांनी टीव्हीकडे पाठ केली. मी लिहायला लागले ती तेव्हापासून.

मल्हारच्या अकरा कथा मी लिहिल्या. एखादीला दोन ‘चढले’, एखादीला चार. पहिलं नाव दर वेळी कशिशचं. कशिश माझ्याच लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. तिच्या वडिलांचं, मतीनचाचांचं, सांगलीत बांगड्यांचं दुकान आहे. तीही कट्ट्यावर लिहायची, ताहेरावर. ताहेरा म्हणजे मीराची मैत्रीण, ईदच्या भागात शिरखुर्म्याची वाटी घेऊन यायची आणि वाटी ठेवून जायची.

बाकीच्यांचे अभिप्राय मला तोंडपाठ आहेत. "बोलीत वाचताना अडखळायला होतं." हीच माणसं विश्वजितला लंडनला नेऊन पानंच्या पानं इंग्रजी बोलायला लावतात, तिथे कुणी अडखळत नाही. "मल्हार चांगला आहे, पण मीराला शोभत नाही." का शोभत नाही ते विचारलं की उत्तर एकच, वैयक्तिक आवड. एका बाईंनी तर कहर केला. "पाटीवर ‘ग्रामीण’ असं ठळक लिहीत जा, म्हणजे फसायला होत नाही." फसायला! मी काय तिला डालडा तूप म्हणून विकलं होतं?

बारावी कथा मी या सगळ्या जळफळाटातच लिहिली. मल्हार आजारी कोकरू घेऊन जनावरांच्या दवाखान्यात येतो. मीरा मांजर घेऊन आलेली असते. दोघं दिवसभर बाकावर बसून राहतात, डॉक्टर पाच वाजता येतात, आणि मल्हार रांगेतला आपला नंबर तिला देतो. बस, एवढंच. रविवारी गावी गेले तेव्हा वडिलांना वाचून दाखवली. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"कोकरू जगलं का?" त्यांनी विचारलं.

"ते न्हाई लिवलं."

"बरं केलंस. साताऱ्याच्या मेळाव्यात ह्येच वाच. लोकास्नी बी कळू दे."

"वाचते," मी म्हणाले. शब्द देऊन बसले. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

कथेला सहा ‘चढले’ मिळाले. आठवड्यात सहा, दोन आठवड्यांत सहा. त्यातलीही एक बाई म्हणाली, "तुझी भाषा छान आहे, विश्वजितवर लिही ना." तेव्हा माझं डोकं सटकलं. बरं म्हटलं, लिहिते.

नवीन खातं उघडलं, नाव घेतलं शरयू. तीच कथा घेतली. मल्हार खोडून विश्वजित केला, कोकराचं कुत्र्याचं पिल्लू केलं, बोली काढून पुस्तकी बोलणं घातलं. अर्ध्या तासाचं काम. पाटी लावली: विश्वजित-मीरा, प्रमाण भाषा, हळवी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऐंशी ‘चढले’. आठवड्याअखेर एकशे त्रेचाळीस. "डॉक्टर येईपर्यंतचं ते थांबणं, आहाहा!" ही तीच बाई, जिला फसायला झालं होतं. मंगलताईंनी स्वतः लिहिलं, "शरयू, मेळाव्यात तुझंच वाचन पहिलं."

मी खूश व्हायला हवं होतं. मला रडू आलं. लॅबच्या मागच्या खोलीत कशिशला सगळं दाखवलं. तिनं दोन्ही कथा शेजारी शेजारी धरून बघितल्या.

"कुत्र्याचं पिल्लू काय गं," ती म्हणाली, "कोकरूच बरं होतं."

"आता मेळाव्यात बघ मी काय करते."

"नको भांडू, प्रांजल. वाच आणि खाली ये."

पण ऐकेल ती प्रांजल कसली.

मेळावा राजवाड्याजवळच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होता. नव्वदेक माणसं, बायाच जास्त. कशिशनं सांगलीहून भडंगाचे पुडे आणले होते, ते हातोहात फिरत होते. मंगलताईंनी माइकवर शरयूचं नाव पुकारलं आणि मी उठले. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. मंगलताईंनी चष्म्यावरून बघितलं, पण माइक दिला.

मी मल्हारची कथा वाचली. मूळची, कोकरासकट, आमच्या बोलीत. पहिल्या पानाला माना वळल्या. दुसऱ्या पानाला सगळ्यांना कळलं. मी थांबले नाही, शेवटापर्यंत वाचली आणि मग बोलायला लागले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की, "एकशे त्रेचाळीस जणांना हे थांबणं आवडलं. तेच थांबणं मल्हारनं केलं तर सहा जणांना. ही आवड नाही, ताई. ही पाटी बघून माणूस हाकलणं आहे."

"आवाज खाली," मंगलताई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, आणि खोट्या नावाबद्दल चिडायचा त्यांना हक्क होता. "कुणी काय वाचावं याची सक्ती करणार आहेस का तू? दिवसभर राबून माणूस घटकाभर मनासारखं वाचतो. नाही वाचलं म्हणजे गुन्हा झाला?"

"गुन्हा नाही. पण कुणी कधी उघडूनसुद्धा बघितलं नाही ते तरी कळू दे. वही उघडा, ताई. नावं वाचून दाखवा. मल्हारला कोण चढलं आणि कोण नाही."

"प्रांजल, बस आता," मागून कशिशचा आवाज आला. मला वाटलं ती घाबरली.

मंगलताईंनी वही उघडली. शाळेत हजेरी घेत असाव्यात तशी नावं वाचली. सहा नावं, पहिलं कशिशचं. फसायला झालेल्या बाई पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. मला फार बरं वाटलं, खरं सांगते, फारच.

मग मंगलताईंनी पान उलटलं आणि त्या थबकल्या.

"आता उघडलीच आहे तर सगळंच वाचू," त्या म्हणाल्या. "ताहेराच्या कथा. नऊ. लेखिका कशिश. एकूण चढलेले: पहिलीला दोन, दुसरीला एक, तिसरीला कुणी नाही, चौथीला एक." नववीपर्यंत गेल्या. त्यांचा आवाज आता चिडलेला नव्हता. "यात माझं नाव कुठेच नाही. मी कबूल करते." वही त्यांनी माझ्यासमोर धरली. "आणि तुझंही नाही."

मी वहीत बघत राहिले. त्यात काय बघायचं होतं? मला माहीतच होतं. पाटी दिसायची: ताहेरा, दखनी बोली, ईदची तयारी. आणि माझा अंगठा आपोआप पुढे सरकायचा. म्हणायचे, त्यांच्या घरातलं आहे, आपल्याला काय कळणार, सवडीनं वाचू. नऊ वेळा म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, "तशी काही... मला त्या प्रकारच्या कथांची आवड नाही, म्हणून."

माइक चालूच होता. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. मी खाली उतरले.

पुढचे कार्यक्रम झाले, चहा झाला. दोन-तीन बाया येऊन म्हणाल्या, मल्हारची कथा छान होती गं, आता वाचू हं बाकीच्या. मी मान हलवली. ज्यासाठी आले होते ते झालं होतं. वडिलांना दिलेला शब्द पाळला होता. गावी फोन करून सांगायला पाहिजे होतं, पण बोटं नंबरावर जाईनात.

परतीच्या गाडीत कशिश खिडकीशी बसली, मी शेजारी. उंब्रज मागे पडलं. उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या, ड्रायव्हर शिव्या घालत होता. तिनं उरलेला भडंगाचा पुडा माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही, मग तिनंच थोडा खाल्ला. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. तिला तरी मेंढरातलं कुठं काय कळत होतं? पहिल्या कथेत वाघर हा शब्द आला तेव्हा लॅबमध्ये माझ्या टेबलाशी येऊन तिनं विचारलं होतं. मेंढरांभोवती रोवायची जाळी, मी सांगितलं होतं. मग कशी रोवतात, किती उंच, कोल्हा आला तर काय, हेही विचारलं होतं. आणि मी ताहेराचं एक अक्षर तिला विचारलं नव्हतं.

कराडच्या स्टँडवर गाडी थांबली. मी मोबाईल काढून ताहेराची पहिली कथा उघडली. कशिशनं बघितलं आणि स्क्रीनवर तळहात ठेवला.

"आता नको."

"वाचते की गं. सांगली यीस्तोवर नऊच्या नऊ वाचते."

"म्हणूनच नको. आता तू मला बरं वाटावं म्हणून वाचशील. तसं कुणी ताहेराला वाचलेलं मला नकोय."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं. भांडायचं मला जमतं. मला माझाच इतका राग आला होता की तो कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून तिच्यावरच काढला.

"मग एकदा तरी सांगायचंस का न्हाई? रोज शेजारी बसून डबा खातो आपण. एवढंच म्हणायचं, प्रांजल, माझं पण वाच. मी न्हाई म्हटलं असतं व्हय?"

कशिशनं माझ्याकडे नीट बघितलं. गाडी सुटली, कंडक्टर तिकिटं करत मागे गेला, तरी ती बघतच होती.

"मल्हारला वाच म्हणून तू मला कवा सांगितलं होतंस?"

मी कधीच सांगितलं नव्हतं.