मागच्या आर्मची चाचणी

"टिक् असा आवाज आला. ऐकलास?" धम्मशीलाने विचारले.

"एवढ्या दणदणाटात टिक् कसलं ऐकता, ताई?" प्रमोद म्हणाला. "अजून वीस हजार दणके, की 'ए' पास. चारपर्यंत रिपोर्ट द्यायचाय."

नॉटिंगहॅमबाहेरच्या त्या टेस्टिंग लॅबमध्ये 'ए' आणि 'बी' अशा दोन स्नोमोबाइल, बर्फावरून धावणाऱ्या गाड्या, यंत्रावर बांधलेल्या होत्या. खालचे लोखंडी दट्टे बर्फातल्या खाचखळग्यांसारखे मार देत. गाड्या सारख्याच, फरक फक्त मागच्या सस्पेन्शनचा. 'बी'चे सस्पेन्शनचे दांडे, म्हणजे आर्म, आखूड आणि ताठ. तिने गेल्याच आठवड्यात पाच लाख दणके पचवले होते, पण सीटवरचे वाळूचे पोते प्रत्येक वेळी उडत होते. 'ए'चे आर्म लांब, स्प्रिंगा मऊ. तिच्यावरचे पोते जेमतेम हलत होते. निवड होईल त्या डिझाइनच्या सहा गाड्या शुक्रवारच्या जहाजाने अंटार्क्टिकाला जाणार होत्या.

त्या चालवणारी सिया केंब्रिजहून आली होती. खुर्ची दिली तरी ती भिंतीला टेकून उभीच राहिली होती.

"काकू, 'ए' पास होणार ना?" तिने विचारले. "माझी पाठ गेली तिकडे. 'बी'सारख्या गाडीवर चार सीझन्स. डॉक्टर म्हणतो, वन मोअर सीझन, मग बस."

एकोणीस वर्षे धम्मशीला इथे वस्तू मोडेपर्यंत आपटत आली होती. त्या कोणाच्या अंगाखाली जातात, हे तिने पहिल्यांदाच पाहिले.

पुन्हा टिक्.

तिचा हात लाल बटणाकडे गेला. प्रमोद झटकन मध्ये आला.

"ताई, थांबवलं तर मोजणी शून्यावर. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय, तपासणी पाच लाखांनंतरच. जहाज गेलं की 'ए' गेली." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुमचं नाव इथं मी पुढं केलं होतं. रविवारी विहारात एकमेकांना तोंड दाखवायचंय."

"म्हणूनच थांबवते," ती म्हणाली आणि तिने बटण दाबले.

लॅब एकदम गप्प झाली. धम्मशीलाचे कान वाजत होते. आणि तडा नसलाच तर? या पोरीची पाठ आपणच मोडली, असे होईल.

तिने मागच्या आर्मच्या सांध्यावर लाल रंग फवारला आणि दहा मिनिटे थांबून फडक्याने पुसून घेतला. धातू लख्ख दिसत होता. प्रमोदने सुस्कारा सोडला, "काही नाहीये."

"पांढरं मारू दे."

तिने वरून पांढरी पावडर फवारली. तडा असला तर आत मुरलेला रंग वर येणार होता. सिया विजेरी धरून जवळ आली. एक मिनिट गेले, दोन गेली. पांढऱ्यावर काहीच उमटले नाही.

मग सांध्याच्या खालच्या अंगाला, केसाएवढी बारीक, एक लाल रेघ उमटली. बघता बघता ती करंगळीएवढी लांब झाली.

प्रमोदने वाकून रेघ पाहिली. "वीस हजार निघालेही असते, ताई," तो पुटपुटला.

"इथं निघाले असते."

"कॅम्पपासून टू हंड्रेड किलोमीटर्स," सिया म्हणाली. "मायनस थर्टी. आणि मागे स्लेजवर माणसं."

धम्मशीलाने रिपोर्टचा कागद ओढला. आरामाच्या रकान्यात 'ए'ला दहापैकी नऊ होते, ते तिने तसेच ठेवले. टिकाऊपणाच्या रकान्यात 'नापास' लिहून सही केली. प्रमोदने कागद घेतला आणि तिच्या सहीखाली आपली केली.

"सिया, सॉरी गं."

"नको म्हणू, काकू. 'बी' तर 'बी'." सिया 'बी'कडे गेली. सीटवरचे पोते तिने दोन्ही हातांनी बाजूला ढकलले. ते करताना तिने दात आवळले. "चालू करा. हळू."

"बसू नकोस!"

"नाही बसत."

दट्टे उठू लागले. सियाने तळहात रिकाम्या सीटवर ठेवला. प्रत्येक दणक्याला तिचा हात खांद्यापर्यंत हादरत होता. तिने डोळे मिटले, पण हात काढला नाही.