धूर सैतानाचा नव्हता

पाद्रीबाबा, माझ्या भावाला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरायला लावलंत ते तुम्ही. लेव्हिननं रविवारी बदकं मारली म्हणून देवानं त्याची बंदूक फोडली, असं भर चर्चमध्ये बोललात. आता माझं ऐका.

गेल्या वर्षी, १८९५च्या हिवाळ्यात, लेव्हिन गेला त्याच आठवड्यात चेसापीक उपसागराच्या आमच्या काठावर बंदुकांच्या आणखी दोन नळ्या फुटल्या. बदकांच्या शिकारीवर जगणारी माणसं घाबरून तुमच्या अंगणात लोटली. तुम्ही नळीला तेल चोळायचात, स्वतः भरलेलं काडतूस घालायचात आणि "सैताना, नीघ!" म्हणत चाप ओढायचात. पांढऱ्या धुराचा लोट उठला की, "बघा, निघाला!" पुढची काडतुसंही तुमच्याकडचीच घ्यायची, घरची अपवित्र. बदल्यात बदकांची जोडी. तुमची चूल काय थंडावतेय!

शाळेतल्या हेस्टरबाई मात्र माझ्या घरी आल्या.

"लेआ, लेव्हिन काडतुसं कशी भरायचा?"

"बाबांच्या पितळी पळीनं. काठोकाठ एक पळी बंदुकीची दारू. इथं सगळेच तसं भरतात."

"आणि दारू कुठली?"

"नवी. दुकानात नुकतीच आलेली, बिनधुराची."

बाईंनी औषधाच्या तराजूत पळीभर नवी दारू ओतली. डब्यावर छापलं होतं, मापून नको, जोखून भरा. पळीत निघाली सांगितल्याच्या तिप्पट! जुनी काळी दारू कमी जोराची, पळीभर चालते. ही दाट आणि जोरकस. लोखंडी पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी असा धक्का सोसेल कशी?

लेव्हिनला वाचता येत नव्हतं. हा एवढाच त्याचा गुन्हा.

शनिवारी आम्ही तुमच्या अंगणासमोर दोन बंदुका खांबांना बांधल्या, चापांना लांब दोऱ्या लावल्या. पहिली बंदूक तेल न लावलेली. तिच्यात पळीभर काळी दारू. दोरी ओढली, धूर झाला, नळी शाबूत.

दुसरी लेव्हिनबरोबर शिकारीला जाणाऱ्या झेडॉककाकांची, तुम्ही स्वतः तेल चोळलेली. तिच्यात पळीभर नवी दारू.

"काका, जाऊ द्या, बंदूक वाया जाईल," कुणीतरी म्हणालं.

"बंदूक गेली तर गेली. लेव्हिन माझ्या मांडीवर मेलाय," काका म्हणाले आणि त्यांनीच दोरी ओढली.

नळी सालीसारखी उलगडली. एक तुकडा कुंपणात रुतला. धूर जवळपास नव्हताच.

काका तुमच्याकडे वळले. "नव्या दारूला धूर नाही. मग बाबा, तुमच्या काडतुसांतला सैतान एवढा धुरकट कसा?"

सगळे हसले. मी हसले नाही. तुमच्याकडून घेतलेल्या दहा काडतुसांतलं एक मी सुरीनं फोडलं. आत काळी दारू. दुसरं फोडलं, तेच. दहाच्या दहा.

इथं जमलेल्या मंडळींनो, तेल नको, प्रार्थना नको. डबा वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, तराजू आणा आणि जोखा.

आणि बाबा, ती फुटकी नळी मी तुमच्या चर्चच्या दारावर खिळ्यानं ठोकली आहे. काढायला हात लावाल तर मी पुन्हा ठोकीन. माझ्या भावाला कुंपणाच्या आत आणल्याशिवाय ती निघणार नाही.

काळी दारू निवडून भरत होतात, म्हणजे नव्या दारूनं नळ्या फुटतात हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग लेव्हिनची बंदूक देवानं फोडली असं का बोललात? उत्तर द्या.