तिसरी मोजणी

पाटणजवळच्या आमच्या रानात विहीर खणताना सुरुंगानं फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोकळीतून तात्यांनी, माझ्या वडिलांनी, एक पारदर्शक स्फटिक काढला आणि ‘तुला लागंल’ म्हणत माझ्या हातावर ठेवला. त्याच्या आत केसाच्या टोकाएवढा पाण्याचा थेंब आहे, दगड घडताना कोंडला गेलेला, कोट्यवधी वर्षांचा. त्यात मीठ किती आहे, हे सांगलीच्या प्रयोगशाळेत मोजणं हा माझ्या प्रबंधाचा शेवटचा भाग. द्रवरूप नायट्रोजननं थेंब उणे एकशे ऐंशी अंशांपर्यंत गोठवायचा आणि त्यावर लेसर सोडायचा. नुसता बर्फ आणि मीठ धरलेला बर्फ पडद्यावरच्या आलेखात वेगवेगळ्या जागी टोकं उठवतात, त्यांच्या प्रमाणावरून खारटपणा कळतो. एकाच थेंबाची तीनदा मोजणी करायची, असा आमच्याकडे दंडक आहे.

सोमवारी पहिली मोजणी झाली. सहा पूर्णांक दोन टक्के. संध्याकाळी साताऱ्याच्या दवाखान्यातून मल्हारचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला.

“आक्का, तात्यास्नी ॲडमिट केलंय. रक्तातलं मीठ, सोडियम, उतरलंय म्हनं. एकशे सव्वीस.”

तात्या अंथरुणाला खिळल्यापासून तीन वर्षं त्यांचं सगळं मीच करत होते, गोळ्यांपासून अंथरूण बदलण्यापर्यंत. मल्हार फौजेतून दोन महिन्यांच्या रजेवर आला, म्हणून तर मला सांगली गाठता आली होती. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर काळजीच्या आधी थकवाच आला.

गुरुवारी दुसरी मोजणी. पाच पूर्णांक एक. बंद दगडातून मीठ जाणार कुठं? माहीत असलेल्या नमुन्यावर यंत्र तपासलं. ते चोख होतं. संध्याकाळी पुन्हा फोन.

“एकशे सतरा. मला वळखंना झाल्यात गं.”

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी स्वतःला समजावलं. तरी पंधरा दिवस स्फटिकाला हात लावला नाही. तात्या सुधारत गेले. इकडे प्रबंधाची मुदत शनिवारी संपत होती आणि तिसऱ्या मोजणीशिवाय माझ्या मार्गदर्शक मॅडम सही करणार नव्हत्या.

शुक्रवारी दुपारी मल्हार बोलला तेव्हा त्याचा आवाज हसरा होता.

“तात्या लय बरं हायत आता. सकाळी सवताच्या हातानं चहा पिलं. उद्या घरी सोडत्यात. माझी रजा संपली, आक्का. आता तूच ये, कायमची. सारखं तुझंच नाव घेत्यात.”

“व्हय, येते,” मी म्हणाले.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं रिकाम्या खोलीत एकदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. मग फोन बंद केला, स्फटिक जागेवर बसवला आणि नायट्रोजन सोडला.

भिंगाखाली थेंब हळूहळू गोठत गेला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच माझे खांदे सैल पडले.