बगळीनं चाटलेलं अर्थिंग

लातूरला आगगाडीनं पाणी जात होतं, त्या सालची गोष्ट. आमच्या शेंद्र्यात ऊन असं की तारेवरच्या कावळ्यांना चटके बसायचे आणि ते पाय बदलत बदलत बसायचे. मी स्वतः पाहिलंय. गावात एकीकडून कंपन्या शिरत होत्या, दुसरीकडून विहिरी तळ दाखवत होत्या. आम्ही धनगर. चारा संपला तशी मेंढरं विकली. बगळी नावाची एक मेंढी तेवढी राहिली. तिला माझ्या बायकोनं, दगडाबाईनं, बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. तिचा सौदा करायची माझी छाती झाली नाही.

नात अक्षदा कॉम्प्युटरवर मशिनींच्या भागांची चित्रं काढायला शिकली होती. गावाशेजारच्याच एका कंपनीत जागा निघाली. परीक्षा घरून द्यायची, दुपारी चारला. पास झाली तर घरून ये-जा, नाही तर पुण्याला मामाकडं. आम्हा दोघांना धास्ती होती ती या पुण्याची.

लॅपटॉप तिच्या गारखेड्याच्या मैत्रिणीचा, करुणाचा, जुना. आत विंडोजऐवजी लिनक्स. बॅटरी मेलेली, चार्जर काढला की तांब्याभर पाणी पिऊन होईतो टिकायचा. माऊस लावावा तर एक भोक मोडकं, दुसऱ्यात नेटचा डोंगल. सगळी मदार बोट फिरवायच्या त्या चौकोनावर, टचपॅडवर.

आणि सकाळपासून तो बिथरला. अक्षदानं बोट उजवीकडं नेलं की पडद्यावरचा बाण डावीकडं उडायचा. न विचारता फायली उघडायचा, मिटायचा. एकदा तर पडद्याच्या कडेवरून असा सटकला की मी बाजेखाली वाकून पाहिलं.

"आबा, काय शोधताय?"

"तुझा बाण."

"गुमान बसा."

ती काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत हुकूम सोडत होती. टचपॅड बंद केला, चालू केला. त्याचा हळवेपणा कमी केला. त्याला चालवणारा एक ड्रायव्हर काढून दुसरा घातला. बाण कुणाचंच ऐकेना.

"भंडारा लावू का जरासा?" दगडाबाईनं विचारलं.

"आजी, आत भंडारा गेला तर उडायचं राहील, अन् चालायचंबी."

शेवटी वैतागून तिनं चार्जर उपटला. बाण कोकरासारखा उभा राहिला. चार्जर लावला, पुन्हा उधळला. मग तिनं डावा तळवा लॅपटॉपच्या पत्र्यावर टेकवला तर तो जरा निवला.

"आबा, हात लावा बरं इथं."

लावला. अशा मुंग्या आल्या की माझ्या पडलेल्या दाढेला ठणका लागला.

"लिनक्सचा दोष नाय," अक्षदा म्हणाली. "घराचं अर्थिंग गेलंय. चार्जरमधनं झिरपणारी वीज जमिनीत जायला पायजे, ती इथंच घोटाळतीय. टचपॅडला वाटतं, बोटच फिरतंय."

"गेलं कसं? घर बांधलं तवा वायरमन बन्सीनं मागं खड्डा केलेला. पाइप पुरला, कोळसा टाकला, गोणीभर खडेमीठ..."

मी थांबलो, कारण दगडाबाई भिंतीकडं पाहायला लागली होती.

मागं जाऊन पाहतो तर बगळी त्याच पाइपाला बांधलेली, मुंडकं खांद्यापर्यंत खड्ड्यात, आणि आतून चाटल्याचा आवाज.

"मीच बांधली," दगडाबाई म्हणाली. "मेंढराला मीठ लागतंच. चारा देता येत नाय, मीठ तरी खाईल. अन् एवढं मीठ मातीत कुजवतात व्हय?"

"आजी, घराचं अर्थिंग खाल्लं तुझ्या बगळीनं." अक्षदाला हसू आवरेना.

"खाल्लं तर खाल्लं. आता काय करायचं ते बोल."

घरातला मिठाचा डबा खड्ड्यात रिकामा झाला. शेजारच्या लीलाबाईचाही झाला. पण मीठ भिजायला पाणी पाहिजे, आणि टँकरचा पत्ता नव्हता. घरात प्यायचा एक हंडा, तोही गळ्यापर्यंत.

"दोन तांबे बास," अक्षदा चाचरत म्हणाली. दगडाबाईनं तिच्याकडं न बघता ओतलं.

चार वाजता अक्षदा बसली. बाण बोटामागं सरळ चालला. पण भुई किती सालांची तहानलेली. जरा वेळानं आतून आवाज आला, "आजी, थरथरतोय गं." दगडाबाईनं तांब्या ओतला. बाण थांबला. पुन्हा आवाज, पुन्हा तांब्या. ओल्या मिठाच्या वासानं बगळी पिसाळली; तिला मी कवळ्यात धरलं नसतं तर मला मुकुंदवाडीच्या ठेसनापर्यंत ओढत नेलं असतं. दगडाबाईनं एकदाही हंड्यात डोकावून पाहिलं नाही. आतून आवाज आला की हात हंड्यात जायचा. शेवटी तांब्या तळाला खरवडला तेव्हा अक्षदा म्हणाली, "झालं. पाठवलं."

ती बाहेर आली. हंडा आडवा पडलेला, आजीचे ओठ पांढरे. अक्षदानं हंडा कमरेवर घेतला आणि लीलाबाईच्या दाराकडं निघाली.

"या दिसांत कुणाला पाणी मागू नको," दगडाबाई म्हणाली.

"माझ्यासाठी नाय मागत."

लीलाबाईनं मिठाचं विचारलं नाही, पाण्याचंही नाही. कळशीतलं निम्मं हंड्यात ओतलं. अक्षदानं पहिला तांब्या आजीच्या हातात दिला. तिनं अर्धा प्यायला आणि उरलेला नातीच्या तोंडाला लावला.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. अक्षदा "हो सर, हो सर" करत होती आणि दगडाबाई तिच्या ओढणीला धरून उभी होती.

"काय म्हणला?"

"सोमवारपासून या म्हणला."

"पुण्याला?"

"इथं, आजी. आपल्या शेंद्र्यात."

"मंजे पुण्याला नाय."

"नाय."

दगडाबाईनं ओढणी सोडली, चार पावलं गेली, आणि मागं वळून पुन्हा एकदा विचारलं.