सिरीयस लिहू नका

"सिरीयस नको, साहेब," गुणाजी खिडकीच्या जाळीला तोंड लावून म्हणाला, तेव्हा दिघ्यांचं पेन 'सिरीयस'च्या अर्ध्यावर पोचलेलं होतं.

नंदकुमार दिघे घाटकोपरच्या तार ऑफिसात वीसेक वर्षं त्याच खिडकीवर बसत होते. इंग्रजी न येणाऱ्यांच्या तारा तेच लिहून देत. गावाकडच्या तार ऑफिसांत देवनागरीची सोय नव्हती, त्यामुळे अख्ख्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाची आजारपणं आणि बाळंतपणं दिघ्यांच्या इंग्रजीतून गावाला जात. त्यासाठी त्यांना चार-पाच शब्द पुरत. त्यातला 'सिरीयस' इतका हातात बसलेला की समोरच्याने "आमची आई..." म्हणेपर्यंत लिहून व्हायचा.

गुणाजी आधी गिरणीत होता. संपानंतर एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला. त्याची बायको रुक्मिणी इस्पितळात पडून होती, आणि डॉक्टरांनी आता आठवडाभराचीच आशा दिली होती. तिला एकच ध्यास होता, गावच्या भावाला, धोंडूला, एकदा बघायचं.

दिघे वैतागले. मागे रांग वाढत होती. पेशंट गंभीर आहे, मग सिरीयस नाही तर काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं.

"सिरीयस म्हटला की आमच्यात माणूस गेलो," गुणाजी म्हणाला.

हे दिघ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. गेल्याची बातमी तारेने थेट कळवायची नाही, ऐकून निघालेल्या माणसाचं वाटेत काही बरंवाईट व्हायला नको, म्हणून सगळेच 'सिरीयस' लिहून घेत. गावात तार वाचणाऱ्या मास्तरांनी हा शब्द उच्चारला की बाया रडायलाच लागत. पण खरोखरच आजारी असलेल्या माणसाचं काय करायचं, हा विचार दिघ्यांनी कधी केला नव्हता.

मग गुणाजीने सासूची गोष्ट सांगितली. तीन वर्षांपूर्वी ती त्याच्याकडे मुंबईत असताना अत्यवस्थ झाली. तार गेली. धोंडूने तार ऐकली, व्हाळावर, गावच्या ओढ्यावर, जाऊन डोकं भादरून घेतलं, आंघोळ केली आणि मग एसटी पकडली. तो खोलीत शिरला तेव्हा म्हातारी खाटेवर जिवंत होती. लेकाच्या तुळतुळीत डोक्याकडे बघून तिने विचारलं, "कोण गेला रे झिला?"

धोंडूने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. म्हातारीला कळलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि दुसऱ्या दिवशी गेली. रुक्मिणी तेव्हा तिथेच पाय चेपत बसलेली होती.

"ती तार तुम्हीच लिवलेलात," गुणाजी म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. दिघ्यांना मात्र ते लागलं.

त्यांनी कागद फाडून दुसरा घेतला. "मग 'इल' लिहू? म्हणजे आजारी."

"आजारी म्हटल्यार भाताची लावणी सोडून कोण येतलो?"

'सिक' म्हणजेही तेच. 'क्रिटिकल' मास्तरांना समजणार नाही, आणि समजलं तर सिरीयसच्याही पुढचं काहीतरी समजेल. 'सिंकिंग' तर मनातल्या मनात म्हणतानाही बरं वाटेना. इंग्रजी एवढी श्रीमंत भाषा, पण मरायला टेकलेल्या आणि अजून न मेलेल्या बाईसाठी तिच्यात शब्द सापडेना. रांगेतून कोणीतरी "ओ साहेब, आटपा ना" म्हणालं.

"ती जिती आसा, साहेब. तसाच लिवा ना," गुणाजी म्हणाला.

दिघ्यांनी इतक्या वर्षांत कुठल्याच तारेत तो शब्द घातला नव्हता. तारेत 'अलाइव्ह' कोण लिहितं? त्यांनी लिहिलं. रुक्मिणी अलाइव्ह, वॉन्ट्स टू सी यू, कम टुडे. सही घेतली, शिक्का मारला. घरी गेल्यावर त्यांना धड जेवण गेलं नाही. मास्तरांना हे इंग्रजी विचित्र वाटलं तर? धोंडूने पुन्हा तेच केलं तर? बायकोने विचारलं तर ऑफिसचं काहीतरी आहे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात गुणाजी खिडकीशी आला. बरोबर एक गावाकडचा माणूस होता, डोक्यावर दाट केस, जेमतेम पन्नाशीचा. धोंडू तारेच्या दुसऱ्याच सकाळी चिखलाच्या पायांनी वॉर्डात पोचला होता. रुक्मिणी त्याच्याशी चार दिवस बोलली. त्याच्या हातून पेज प्यायली, आणि पेजेत मीठ कमी म्हणून त्याच्यावर रागावलीसुद्धा. हे सांगताना गुणाजी हसला.

तार धोंडूच्या बायकोला करायची होती. दिघ्यांनी नाव-पत्ता लिहिला आणि वर बघितलं.

"आता तुमचो नेहमीचो शब्द घाला, साहेब," गुणाजी म्हणाला.

दिघ्यांनी तो सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिला. मग ते खुर्चीवरून उठले आणि दोघे पायऱ्या उतरून जाईपर्यंत उभेच राहिले.