दोनशेवा पक्षी

निसर्गापुढे सगळे समान असतात, असं विनायक दाबके सर दर रविवारी सांगत. एवढं सांगून झालं की मंडळाची एकुलती एक दुर्बीण स्वतःच्या गळ्यात अडकवत.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून कामोठ्यातल्या हौशी मंडळींना पक्षी दाखवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्यांच्या 'पनवेल परिसरातले पक्षी' या यादीत एकशे नव्व्याण्णव नावं होती आणि दोनशेवं लागल्याशिवाय सरांना जेवण गोड लागणार नव्हतं. यादीचा नियम एकच, तोही सरांचाच: दोघांनी पाहिलेला पक्षीच धरायचा. याच नियमाने त्यांनी मंडळातल्या वरदचं कर्नाळ्यातलं घुबड बाद केलं होतं. "माझा तुझ्यावर विश्वास आहे रे, शास्त्राचा नाही."

या रविवारी सरांनी उरणच्या बाजूच्या खाडीवर कालवफोड्या कबूल केला होता. काळा-पांढरा, लांब लालभडक चोचीचा, थंडीतला पाहुणा. पहाटे सहाला सरांखेरीज नऊ जण हजर. समोर पाणीच पाणी.

साडेसातपर्यंत एक कावळा दिसला.

"सर, हा धरायचा का? नऊ साक्षीदार आहेत," वरदने विचारलं.

काठावर सुकट पसरणारी गंगाबाई हसली. "लाल चोचीवाला ना? भरतीत कुटं बसंल तो? पानी उतरून खडकाचं खडप उघडं पडू द्या. बारा वाजता येतो."

"बारा?" आभा दचकली. "सर, साडेआठला मिसळ ठरलीय!"

मतदान झालं. नऊ मतं मिसळीला पडली. सर एकटेच काठावर उरले.

बारा वीसला तो आला. सरांपासून तीस पावलांवर, ओल्या खडपावर, चोचीने कालवाचा शिंपला उचकटत. चार हातांवर गंगाबाईही खाली मान घालून तेच काम करत होती.

"गंगाबाई, मागे बघा! मागे!"

"सायेब, पानी परतायच्या आत टोपली भरायची हाय. मी कालवं फोडू का पाखरं बगू?"

"एकदाच हो! हे घ्या!" अकरा वर्षांत पहिल्यांदाच सरांनी दुर्बीण गळ्यातून काढून दुसऱ्यापुढे धरली.

गंगाबाईने लुगड्याला हात पुसले, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि सावकाश वळली. "अगो बाय! पलीकडची जेट्टी काय जवल दिसते!"

"आणि पक्षी?"

"नाय. एवढं वरडल्यावर कोन थांबंल?"

यादीत आजही एकशे नव्व्याण्णव पक्षी आहेत. कावळा त्यात आधीपासूनच होता.