तारेला लागलेली खाच

रायफलच्या काडतुसाची पितळी पुंगळी एकदाच वापरून फेकणाऱ्या माणसाशी माझं पटत नाही. मी पुंगळ्या जपतो. त्यांची तोंडं तापवून मऊ करतो, वाढलेली लांबी कापतो, दारू बेताचीच भरतो. आमच्या मोंटानातल्या गावात लोक त्या सात-आठदा भरतात. माझ्या वीस पुंगळ्या चौदा वेळा भरून झाल्या होत्या. नेमबाजीच्या क्लबात मी हे इतक्यांदा सांगितलं होतं, की मी तोंड उघडलं की लोक कॉफी आणायला उठत.

पंधराव्या खेपेला नेहमीसारखी टोक वाकवलेली तार प्रत्येक पुंगळीत घालून आतून फिरवली. बुडाजवळ खाच लागली तर तिथलं पितळ पातळ झालंय, पुंगळी टाकून द्यायची. हे मला माझ्या जुन्या शिकारी मित्राने, लाइल हॉगननेच शिकवलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी. एका पुंगळीत खाच लागली. चांगली स्पष्ट लागली. पण ती काढली, तर वीसच्या वीस पुंगळ्या टिकल्या असं सांगता येणार नव्हतं. मी ती भरली.

त्याच वीस काडतुसांचा डबा लाइलला शिकारीसाठी दिला. आमच्या रायफली एकाच मापाच्या. डोंगरी मेंढ्याच्या शिकारीच्या परवान्यासाठी तो सव्वीस वर्षं अर्ज करत होता, आणि एकाहत्तराव्या वर्षी सोडतीत त्याचं नाव निघालं होतं. डबा देताना ती पुंगळी मला आठवली होती. नाही कसं म्हणू?

लाइलची पहिली गोळी मेंढ्याच्या मांडीत बसली. दुसरी आत जाईना. पहिलीची पुंगळी बुडापाशी तुटून पुढचा तुकडा नळीत अडकला होता. मेंढा लंगडत कड्यापलीकडे गेला. आम्ही दोघांनी तीन दिवस शोधूनही सापडला नाही.

डोंगर उतरताना लाइलने तुटलेलं बूड उन्हात धरून पाहिलं.

"खाच जुनी दिसतेय, एमेट. तुझ्या बोटांना लागली नसेल. वय झालं बाबा आपलं."

खरं सांगायची तीच वेळ होती.

"हो रे," मी म्हणालो. "हल्ली कळत नाही बोटांना."

त्याने पाठीवर थाप मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी लाइल येतो आणि माझ्या पुंगळ्या तपासून देतो. क्लबात कुणी विषय काढला की सांगतो, एमेटची चूक नाही, बोटं गेलीत बिचाऱ्याची. मध्येच एखादी पुंगळी तारेसकट माझ्या हातात देतो.

"बघ, लागतंय काही?"

मी तार फिरवतो. खाच लागते.

"नाही," मी म्हणतो.

"असू दे," म्हणत तो पुंगळी भंगाराच्या बादलीत टाकतो आणि पुढची घेतो.